सासऱ्यांच्या पोटातला गिअरबॉक्स

मी फक्त झाकण उघडून बघणार होतो. हे वाक्य मी नंतर बायकोला, डॉक्टरांना आणि एक्स-रे काढणाऱ्या बाईंना, अशा तिघांना ऐकवलं, आणि तिघांनीही माझ्याकडे अगदी एकाच नजरेनं पाहिलं. (ती नजर मला लग्नापासून ओळखीची आहे.)

झाकण होतं जीपच्या गिअरबॉक्सचं आणि जीप होती सासऱ्यांची. चारही चाकांनी डोंगर चढणारी, वर छप्पर नसलेली, वयानं माझ्याहून मोठी. जमीन मोजण्याच्या खात्यात असताना त्यांनी ती घेतली आणि नोकरीभर रानोमाळ फिरवली. सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले. मागोमाग जीपही आली, पण दोर लावून. कारण दुसरा गिअर टाकला की तो चार पावलं चालून आपणहून बाहेर यायचा, आणि तिसऱ्याला तर आत यायचीच इच्छा नव्हती.

मेकॅनिकनं गाडीखाली डोकं घालून सांगितलं, ''गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ठेवून जा.''

''किती दिवस लागतील?''

''बघू.''

मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात कारकून आहे. हा 'बघू' मी खिडकीतून रोज चाळीस लोकांना ऐकवतो, त्यामुळे त्याचा अर्थ मला नेमका ठाऊक होता. मी तिथल्या तिथे ठरवलं, की हे काम आपण घरीच करायचं. माझ्याकडे गाडीचं जुनं माहितीपुस्तक होतं, पान्यांचा संच होता आणि आत्मविश्वास होता. (पैकी पान्यांचा संच शेजाऱ्यांचा.)

शेजाऱ्यांचाच जॅक, दोन फळ्या आणि माझी कंबर यांच्या जोरावर गिअरबॉक्स खाली आला. अंगणात धूळ फार. पुस्तकात तर पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'काम स्वच्छ जागी करावे'. आमच्या घरात स्वच्छ आणि सपाट अशी एकच जागा आहे. जेवणाचं टेबल.

''हे इथे किती दिवस?'' बायकोनं विचारलं.

''फक्त रविवार.''

''कोणता?''

तिसऱ्या रविवारी आम्ही ओट्याशी उभे राहून जेवत होतो. टेबलावर वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यावर घरातल्या झाडून सगळ्या वाट्या, आणि प्रत्येक वाटीत गिअरबॉक्सचा एकेक अवयव. टेबलाचा एक कोपरा तेवढा सासऱ्यांसाठी राखून ठेवला होता. तिथे त्यांचा चष्मा, पाण्याचा पेला आणि सकाळच्या गोळ्यांची वाटी. तिथे बसून ते वर्तमानपत्र वाचायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. मला वाटायचं, आपल्या गाडीची आतडी अशी बाहेर आलेली त्यांना बघवत नसतील.

त्या दिवशी झाकणातल्या दोन सळया काढायच्या होत्या. या सळया गिअर पुढेमागे सरकवतात, आणि प्रत्येकीखाली एक स्प्रिंग आणि वाटाण्याएवढी पोलादी गोळी दबून बसलेली असते. गिअर जागेवर टिकतो तो या गोळीमुळे. पुस्तकात लिहिलं होतं, 'सळी काढताना गोळीवर हात ठेवावा'. पण ते पुढच्या पानावर होतं, आणि माझे हात तेलकट असल्यामुळे मी पान उलटलं नव्हतं.

टण्ण! स्प्रिंग पंख्याला लागून कपाटामागे गेली. गोळी साखरेच्या डब्यात पडली. मी शहाणा होऊन दुसऱ्या सळीवर हात ठेवला, सळी ओढली. स्प्रिंग आली. गोळी आली नाही.

मी टेबलाखाली बघितलं. फ्रिजखाली काठी फिरवली. स्वतःच्या शर्टाचे खिसे उलटे केले. मग गुडघ्यांवर असतानाच माझी नजर वर गेली. सासऱ्यांनी वाटी उचलली, डोळे मिटून एका दमात तोंडात रिकामी केली, वर पाणी प्यायले आणि पान उलटलं.

माझ्या पोटात गोळा आला. (गोळी त्यांच्या, गोळा माझ्या.)

''बाबा, आज किती गोळ्या घेतल्यात?''

''होत्या तेवढ्या.''

''एखादी जड लागली का?''

''या वयात सगळंच जड लागतं.''

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला सगळं सांगणं भाग होतं. मी शक्य तितक्या मवाळ शब्दांत सांगितलं. तिनं आधी बाबांपुढची वाटी उचलून घेतली. मग म्हणाली, ''तुम्ही माझ्या बाबांना गिअरबॉक्स खायला घातलात?''

''सगळा नाही...''

माझ्या डोळ्यांपुढे कार्यालयातला छापील फॉर्म आला. मृत्यूचे कारण: गोळी. खाली साहेबांचा लाल शेरा: 'लागून की घेऊन? खुलासा करावा.' आणि खुलासा करणारा कारकून मीच. थट्टा सोडा. सासऱ्यांनी मला आजवर कधी उणं म्हटलेलं नाही. (अधिकही म्हटलेलं नाही.) पण पंधरा वर्षांत मला त्या माणसाची सवय झाली होती. मी डॉक्टरांना फोन लावला.

''डॉक्टर, सासऱ्यांनी गोळी घेतली!''

''उत्तम. वेळेवर घेत जा म्हणावं.''

''तसं नाही. गोळी लोखंडाची आहे.''

''अहो, लोहाची गोळी मीच लिहून दिली आहे. अशक्तपणासाठी.''

''ही गोल आहे, डॉक्टर.''

''कंपनी बदलली असेल.''

''कंपनी जीपची आहे!''

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाले, ''ताबडतोब घेऊन या.''

आम्ही निघालो. जीप टेबलावर असल्यामुळे रिक्षानं निघालो. प्रत्येक खड्ड्याला मी सासऱ्यांच्या पोटाकडे बघत होतो आणि बायको माझ्याकडे. सासरे मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, बाहेर बघत, मजेत बसले होते. दवाखान्याच्या बाकावर तर त्यांनी दरबारच भरवला. गुडघा दुखणारे एक गृहस्थ आणि खोकणाऱ्या एक बाई यांना त्यांनी गिअरबॉक्स म्हणजे काय इथपासून समजावून दिलं. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

एक्स-रेच्या बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, ''आजोबा, अंगावर धातूचं काही आहे का?''

''अंगावर नाही. आत आहे, असं आमच्या जावयांचं म्हणणं आहे.''

पंधरा मिनिटं लागली. त्या पंधरा मिनिटांत मी आयुष्यात पुन्हा पान्याला हात न लावण्याची शपथ तीन वेळा घेतली. मग डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरली, वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली आणि म्हणाले, ''काहीही नाही. पोट स्वच्छ आहे.''

मी डॉक्टरांना मिठी मारली. (त्यांच्या पांढऱ्या कोटावर माझे दहाही ठसे उमटले.) बायको खुर्चीत बसली आणि आधी रडली, मग हसली, आणि ''तुम्ही ना...'' एवढंच म्हणाली. त्या दोन शब्दांत पंधरा वर्षांचं सगळं होतं, पण त्या दिवशी मला तेही गोड लागलं.

बाहेर आल्यावर सासरे शांतपणे म्हणाले, ''जावईबापू, ती गोळी झाकणातच असेल. त्या भोकात तेल वाळून चिकटते. मी खोललं होतं तेव्हाही अशीच अडकली होती.''

''तुम्ही? खोललं होतं?''

''दोनदा. एकदा तर रानात, झाडाखाली.''

''अहो, मग सकाळी बोलला का नाहीत?''

''तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही विचारलंत, गोळ्या किती घेतल्या. मी खरं ते सांगितलं.''

''पण मग एक्स-रेला कशाला आलात?''

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. ''घराबाहेर पडून बरेच दिवस झाले होते. तुम्ही कामात. हिला घर. म्हटलं, सगळेच निघालेत, तर जाऊन येऊ.''

घरी येऊन मी झाकण रॉकेलमध्ये बुडवलं, चिमटीत लोहचुंबक धरून भोकात घातलं, आणि टक्क करून गोळी बाहेर आली. तिला बघून मला जो आनंद झाला, तो बढतीच्या पत्रानंही झाला नव्हता.

त्यानंतर मी शपथ मोडली आणि शहाणपणा केला. सासऱ्यांची खुर्ची कोपऱ्यातून उचलून माझ्या शेजारी ठेवली. पुढचे दोन रविवार ते सांगत गेले आणि मी करत गेलो. बेअरिंगच्या सुयांसारख्या बारीक सळया ग्रीसमध्ये कशा चिकटवून बसवायच्या, कोणता दात झिजला आहे, कोणता नुसता मळला आहे. मध्येच ते एखाद्या घाटाची गोष्ट काढायचे आणि बायकोही पदराला हात पुसत येऊन उभी राहायची. सहाव्या रविवारी गिअरबॉक्स गाडीत बसला. टेबल मोकळं झालं आणि आम्ही बसून जेवलो.

मग फेरी मारायची ठरली. मी चालकाच्या जागी बसलो, गाडी चालू केली, गिअर टाकला. लोखंडी जिन्यावरून कपाट गडगडत यावं तसा आवाज झाला. पुन्हा टाकला. कपाटामागून आरसाही आला.

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. ''जावईबापू, उतरा. बांधलात छान. आता मोडू नका.''

बायकोनं पदर खोचला आणि स्टिअरिंग हातात घेतलं. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. अठराव्या वर्षी ती याच गाडीवर शिकली होती म्हणे. (हेही मी विचारलं नव्हतं.) माझी रवानगी मागच्या बाकावर झाली. दुसरा गिअर पडला आणि टिकला. तिसराही मुकाट आत गेला. सासरे पुढे ताठ बसून दोन्ही बाजूंच्या दुकानांकडे बघत होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं, की मी शीळ घालायला लागलो.

चौकात लाल दिव्याला थांबलो, तेव्हा शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली केली. ''वा! या वयाची गाडी आणि गिअर असा गुपचूप पडतो? कोणाचं काम हो?''

''आमच्या जावयाचं,'' सासरे मोठ्यानं म्हणाले. ''स्वतःच्या हातानं, घरी बसून.''

पंधरा वर्षांत पहिल्यांदा!

''खरं सांगता? आहेत कुठे ते?'' गृहस्थ मान उंच करून बघू लागले.

मी नमस्कार करायला मागच्या बाकावर उभा राहिलो. त्याच क्षणी हिरवा दिवा लागला, बायकोनं क्लच सोडला आणि चारही चाकं एकदम निघाली.

''ते काय,'' सासरे मागे बोट दाखवत म्हणाले, ''पाय दिसताहेत ना, तेच.''