मल्लेशमची कोनदार अक्षरं

ये गं, अशी जवळ बस. दुकानाची पाटी वाचता आली नाही म्हणून गल्लीच्या टोकावरून परत गेलीस, कळलंय मला. विचारायला तोंड नव्हतं का तुला?

पाटी रंगवली आमच्या शेजारच्या मल्लेशमनं. त्या माणसाला गोल वस्तूचा रागच आहे. भाकरीसुद्धा कडा मोडून चौकोनी करतो, मग खातो. दुष्काळ सरला त्या साली मी शेंगाचटणीचं दुकान काढलं आणि पाटी नेमकी त्याच्याच हाती दिली, ही माझी अक्कल. आपली अक्षरं कशी गोलमटोल, पोटाची. यानं पट्टी धरून सगळी सरळ रेघांत ठोकली. 'ट'ची पेटी केली, 'च'ला कोपर फुटलं, 'श' म्हणजे मोडकी शिडी. चटणी कसली, सुतारानं टाकलेली फळकुटं वाटायची. गिऱ्हाईक वर बघायचं आणि पुढं जायचं.

मी म्हटलं, जरा वळण दे की. तर त्याचं ठरलेलं वाक्य, "गोल अक्षर घरंगळतं, अक्का. कोपरा असला की जागेवर बसतं."

बरं, स्टेशनकडच्या मोठ्या दुकानांचं काम आलं की नको म्हणायचा. आमच्याच रस्त्यावरची गिरणी, रेशन, दवाखाना, एवढंच रंगवायचा. लई आळशी, असं मी दहा जणींना सांगून ठेवलेलं.

शेवटी एका दुपारी भांडायलाच गेले. पाटी बदल, नाहीतर दुसरा पेंटर बोलावते, असं सुनावायचं होतं. तो घरी नव्हता. त्याची बायको राजम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. पुढ्यात फरशीवर विडीच्या पानांची कात्रणं अक्षरांसारखी मांडलेली. बघते तर माझ्या पाटीवरचीच 'चटणी'. तीच पेटी, तेच कोपर.

राजम्माची बोली तेलुगू, मराठी मोडकीतोडकी. शाळा कधी पाहिलीच नाही. लग्नानंतर मल्लेशमनं तिला अक्षरं शिकवली ती अशी, तिचे हात कामात असताना समोर कात्रणं मांडून.

"वाळलेलं पान वळत नाही, अक्का, मोडतं," ती म्हणाली. "म्हणून माझी अक्षरं अशी. दुसऱ्यांची मला वाचता येत नाहीत."

मग तिनं विडी कारखान्यापर्यंतची वाट बोटांवर मोजली. गिरणी, रेशन, दवाखाना, सगळं त्याच्या हातचं. आधी ती दवाखान्यात एकटी जायची नाही. वाट चुकायची आणि कुणाला विचारायची लाज. आता जाते. "तुमचं दुकान पण वाचलं काल," म्हणाली.

तेवढ्यात मल्लेशम दारात आला. माझं तोंड बघून ओळखलं त्यानं. माझ्याकडं न बघताच विचारलं, "पुसायची का पाटी?"

"राहू दे," म्हटलं. "अक्षरं भिकार आहेत तुझी. पण राहू दे."

तू आता रविवारी दुकानावर ये, लवकर ये. मी चटणी कुटून ठेवते आणि राजम्मालाही बोलावते. तिच्याशी दोन शब्द बोलणारी गल्लीत अजून मी एकटीच आहे.