काकासाहेबांचा मुरूम

नऊला पाहुणे यायचे होते आणि काकासाहेब सलग आठव्या दिवशी अंगणाला पाणी घालत उभे होते. ऐन मे महिना. आदल्या आठवड्यात दोन टँकर मागवून त्यांनी ते सगळं पाणी भिंतीच्या कडेकडेनं जिरवलं होतं.

"अहो, पुरे की आता! शेजारीपाजारी हंड्याहंड्यासाठी भांडतायत," आशाबाई खिडकीतून म्हणाल्या.

"भेगा दिसायला नकोत. वेरूळची माणसं हायती, शेतकरी. भेग दिसली की शंभर प्रश्न इचारतील."

"भेग कशाला पडली, हेच इचारतील ना? मग सांगा की खरं!"

काकासाहेबांनी पाइपाचं तोंड दुसरीकडं वळवलं. हा विषय घरात काढायचा नाही असा अलिखित नियम होता. मागच्या उन्हाळ्यात लेकीची चप्पल त्या भेगेत गेली ती गेलीच, तरी नियम मोडला नव्हता.

कारण काकासाहेबांनी बत्तीस वर्षं सरकारच्या माती सर्वेक्षण खात्यात काढली होती. "चढाला मुरूम, उताराला काळी" हे वाक्य त्यांनी अर्ध्या मराठवाड्याला ऐकवलं होतं. निवृत्त झाल्यावर चिकलठाण्यामागच्या टेकडीवर त्यांनी प्लॉट घेतला तोही ह्याच वाक्याच्या भरवशावर. पाया खणताना कमरोद्दीन मिस्त्रीनं खालची माती उचलली, तळहातावर वळी केली, वळी वाकवून तिची बांगडी केली आणि समोर धरली. बांगडी कुठंही तुटली नव्हती.

"साहेब, ही पक्की चिकण हाय. खाली पापुद्र्याचा दगुड हाय, तो सडून सडून ही माती झाली. पाणी पिली की फुगंल, सुकली की फाटंल. पाया खोल घ्या."

"तुझा हात ओला हाय, म्हणून वळली. टेकडीवर मुरूमच असतो," काकासाहेब म्हणाले. आता ही बांगडीची परीक्षा त्यांनीच शेकडो शेतकऱ्यांना शिकवलेली. पण शिकवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. पाया उथळच राहिला. पहिल्याच पावसाळ्यात मागचं दार असं रुतलं की काकासाहेबांनी त्याच्यापुढं धान्याची कोठी सरकवली आणि त्या दाराचं नावच टाकलं.

लेकीला, वैजयंताला, बघायला येणारं हे तिसरं घर. पहिली दोन स्थळं चांगली होती, पण काकासाहेबांनी एका व्याह्याला त्याच्याच शेताची माती कशी हलकी आहे ते तासभर समजावलं आणि दुसऱ्याला तर खोटं पाडलं. दोघांकडून नकार आला. आशाबाईंनी या खेपेला त्यांच्याकडून शपथच घेतली होती: मातीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. लेक एकुलती एक, वय सव्वीस.

पाहुणे वेळेवर आले. नानासाहेब, त्यांच्या मंडळी मनकर्णाबाई आणि मुलगा बद्रीनाथ, एका कारखान्यात फिटर. नानासाहेबांनी बूड टेकायच्या आत घड्याळ बघितलं.

"आधीच सांगून ठेवतो, काकासाहेब. एक वाजता क्रांती चौकात आणखी एक मुलगी बघायचीय. मोठं घर हाय. राग मानू नका."

"छे छे, राग कसला!" काकासाहेब म्हणाले, आणि आशाबाईंचा चेहरा पडलेला बघून त्यांना खरंच वाईट वाटलं. बाहेरून गरम झळ येत होती, म्हणून ते उठले आणि दार लोटलं. दार चौकटीला अडलं. काकासाहेबांनी खांदा लावला. दार धाडदिशी बसलं.

पोहे झाले, चहा झाला, प्रश्नोत्तरं झाली. साडेबाराला नानासाहेब उठले, काकासाहेबांनी कडी धरून दार ओढलं. दार हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. मग बद्रीनाथनं ओढलं, मग दोघांनी मिळून ओढलं, तेव्हा कडी तेवढी हातात आली.

"मागचं दार?" नानासाहेबांनी विचारलं.

"त्ये... सध्या बंद असतंय."

"म्हंजे दोन्ही दारं बंद? काकासाहेब, पोरगी बघायला आलो का तुरुंगात?"

"क्रांती चौकाचं कळलं आणि ह्यांनी दारच लावून घेतलं का काय!" मनकर्णाबाई पुटपुटल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

काकासाहेबांचे कान तापले. बद्रीनाथ मात्र स्टुलावर चढून चौकट बघत होता. "दार चांगलं हाय. चौकट तिरपी झालीय. भिंत एका अंगानं उचललीय. काका, इकडं पाणी जास्त मुरलंय का?"

"थोडंसं. दोन बादल्या."

"दोन टँकर. आठ दिवस," वैजयंता स्टूल धरून शांतपणे म्हणाली.

बद्रीनाथनं खाली बघितलं आणि हसला. तीही हसली. काकासाहेबांनी मात्र डोक्यावर हात मारला.

कमरोद्दीनला फोन केला. तो जाफराबादेत कामावर होता, यायला तीन तास तरी लागणार होते. पाहुण्यांना उपाशी ठेवणार कसं? आशाबाईंनी भाकरी थापायला घेतल्या, डब्यातलं येसराचं पीठ घालून आमटी टाकली. वास सुटला तशा मनकर्णाबाई उठून आत गेल्या आणि "तिखट आणखी चमचाभर टाका, आमच्या ह्यांना लागतंय" म्हणत ठेचा वाटायला बसल्या. नानासाहेबांनी तीन भाकरी खाल्ल्या, सदऱ्याची दोन बटणं काढली आणि सोफ्यावर चक्क आडवे झाले. एक वाजून गेलेला त्यांना कळलाही नाही.

चार वाजता कमरोद्दीन खिडकीशी आला. त्यानं दार ठोकून बघितलं, भिंत बघितली, ओल्या अंगणात चप्पल रुतवून बघितली.

"साहेब, एक सांगा. खाली माती कोन्ची?"

"दार उघड आधी!"

"तसं नाय. तुम्ही म्हनता तसा मुरूम आसंल, तर मुरूम काय फुगत नाय. मंग दारच वाकडं झालं म्हनायचं, कुऱ्हाडीनं तोडावं लागंल. चिकण आसंल तर दार बेगुन्हा. वरून बोटभर कापतो, काम खतम. बोला, क्या करूं?"

दार सागाचं होतं, आशाबाईंच्या वडिलांनी दिलेलं. आशाबाई दाराला हात लावून उभ्या राहिल्या. कमरोद्दीननं अंगणातला एक चिखलाचा गोळा गजांतून आत दिला.

"माझा हात ओला आसतो, साहेब. तुम्ही तुमच्या हातानं वळा."

काकासाहेबांनी गोळा घेतला. बत्तीस वर्षांची सवय, बोटं आपोआप चालली. वळी लांब झाली. वाकवली. टोकाला टोक जुळलं. एवढीशी चीर नाही.

"अगं बाई, बांगडीच झाली की!" मनकर्णाबाई म्हणाल्या.

काकासाहेबांनी घसा खाकरला, जमिनीकडं बघितलं.

"चिकण हाय. मी चुकलो. तू तवाच सांगितलं व्हतं, कमरोद्दीन."

आशाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सत्तावीस वर्षांच्या संसारात "मी चुकलो" हे दोन शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकले होते. आणि नानासाहेब खो खो हसत सुटले.

"काकासाहेब, आता आमचंबी ऐका. स्थळ आम्हाला पसंतच व्हतं. पण लोक म्हनले, माणूस कुणाचं ऐकत नाय, जन्मभर भांडत बसाल. म्हणून तर क्रांती चौकाचं स्थळबी हाताशी ठेवलं व्हतं. मिटलं आता! आशाबाई, साखर आणा."

कमरोद्दीननं दार वरून कापलं तेव्हा साखर वाटून झाली होती. पहिली चिमूट त्यालाच मिळाली.

जूनमध्ये लग्न झालं. पावसाळाभर दार झकास लागलं. थंडीत माती सुकली, आखडली, आणि दारावर बोटभर फट पडली. तिच्यातून गार वारा यायचा. घर तसंही रिकामं रिकामंच झालं होतं. काकासाहेब संध्याकाळी त्या फटीकडं बघत बसायचे. डिसेंबरात त्यांनी कमरोद्दीनकडून दाराला वरून सागाची पट्टी ठोकून घेतली.

पहिल्या संक्रांतीला लेक-जावई आले. दोन दिवस हां हां म्हणता गेले. निघायच्या सकाळी बद्रीनाथनं बॅग उचलली आणि दार ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं.

वैजयंतानं खिडकीतून अंगणात बघितलं. भिंतीकडेला पाइप पडला होता.

"बाबा, किती दिवस पाणी घातलं?"

"आठ," काकासाहेब लगेच म्हणाले. "माती चिकण हाय ना."

"मग कमरोद्दीनचाचांना फोन करा की!"

"केलाय," काकासाहेब वर्तमानपत्र उघडत म्हणाले. "त्याला म्हणलं, उद्या ये."