चंपतरावजींचे दोन टायर

चंपतरावजींच्या सायकलीच्या पुढच्या चाकाला एका जातीचा टायर असे आणि मागच्याला दुसऱ्या जातीचा. कुणी थांबून पाहिलं की ते खाली उतरत आणि विचारत, "तुमीच सांगा, शिवलेला का साधा?"

सन ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सिंदी मेघे गावात आमचं घर त्यांच्या घराला लागून. पेन्शनीत निघाल्यावर माणसं देवधर्माला लागतात; चंपतरावजींनी नागपूरहून शर्यतीची जुनी सायकल आणली. सोबत चाकांच्या दोन जोड्या. एकीला शिवलेला टायर: ट्यूब आत टाकून टायर सगळीकडून शिवलेला, आणि तो रिमला चिकटवायचा. वजनाला फुलासारखा. पण पंक्चर झाला की सोला, उसवा, भोक बुजवा, पुन्हा शिवा, पुन्हा चिकटवा. दुसरी जोडी तुमच्याआमच्या सायकलीसारखी. जड, पण पंक्चर कुठंही निघणार. आणि आमच्याकडे बाभळीच्या काट्यांना तोटा नाही.

मी म्हटलं, साधाच बरा. त्यांनी तासभर शिवलेल्याचे गुण सांगितले. दुसऱ्या दिवशी मी शिवलेल्याच्या बाजूला गेलो, तर म्हणाले, "मास्तर, हा काट्याचा इलाका हाये. तुमी काय बोलून राह्यले?" चहा देता देता माझी बायको थट्टेनं म्हणाली, एक पुढे लावा, एक मागे. त्यांनी खरोखरच लावले. मग पुढे कोणता आणि मागे कोणता, यावर महिना गेला. मला तर दोन्ही टायर सारखेच दिसू लागले.

रविवारी मात्र दोन्ही चाकं शिवलेल्या टायरची लावून ते देवळीला जात. त्यांची बायको कधीच वारली होती; एकुलती एक लेक सुमन तिथं दिलेली. यायला संध्याकाळ होई. विचारलं की म्हणत, पंक्चर झालतं. मग साधा टायर लावून का जात नाही, हे काही मला कळेना.

एका रविवारी मीही कामानं देवळीला गेलो. सुमनच्या अंगणात चंपतरावजी उसवलेला टायर मांडीवर घेऊन बसलेले. सुमन सुईत दोरा ओवता ओवता त्यांना काहीबाही सांगत होती. ट्यूब फुगवून त्यांनी पाण्याच्या घमेल्यात बुडवली होती, पण बुडबुडा एकही येत नव्हता. सुमन आणखी दोऱ्यासाठी आत गेली तसं मी विचारलं, भोक कुठं आहे?

"हळू बोला," ते म्हणाले. "लेकीच्या सासरी बाप कोन्या नावानं बसन, मास्तर? तिच्या घरचं पानी बी आमच्यात घेत नाई. साधं पंक्चर पंधरा मिनटात निघते."

सुमन परत आली, मघाचं बोलणं पुढे सांगू लागली. ते मान हलवत शिवू लागले. टायर बराच शिवून झाला, तेव्हा तिच्या सासूनं ओट्यावरून विचारलं, झालं का जी?

"नाई जी, शिवन वाकडी गेली," असं म्हणून चंपतरावजींनी घातलेले टाके पुन्हा उसवायला घेतले. सुमनचं सांगणं अजून अर्ध्यावरच होतं.