दुधीचं दुसरं वाचन

दुधीभोपळ्यावर तीन वाचनं घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वाचनं पोथीची नव्हेत, विधेयकाची. पहिलं वाचन तत्त्वाचं, दुसरं कलमवार, तिसरं शेवटच्या मंजुरीचं. विधिमंडळात कायदा अशा तीन पायऱ्या चढून वर येतो. आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेतल्या दुधीच्या वेलालाही त्याच पायऱ्या चढाव्या लागल्या, कारण तिसऱ्या मजल्यावर सखाराम जाधव राहायचे.

जाधवसाहेबांची सगळी नोकरी विधिमंडळाच्या कचेरीत गेली. आमदारांनी विधेयकांवर दिलेल्या सुधारणा घ्यायच्या, नियमात बसतात का ते बघायचं, कलमांच्या क्रमाने लावून छापायला पाठवायच्या, हे त्यांचं टेबल. त्यातही शेतीची विधेयकं त्यांच्याकडे. बाजार समित्या, बियाणं, ऊस, पाटाचं पाणी, जे काय असेल ते. इतक्या शेतीवरून हात फिरला, पण स्वतः कुंडीत मिरचीसुद्धा लावलेली नव्हती. निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या पत्नी विमलबाई गेल्या. मुलगी लग्न होऊन नागपूरला. तिचं महिन्याला एक पत्र यायचं आणि ते साहेब जिन्यातच उभ्याउभ्या वाचायचे.

त्यांची बोलायची तऱ्हा वेगळी होती. काही सांगायचं असलं की खुर्चीतून उठत, 'मी उभा आहे' म्हणत आणि मग बोलत. सभागृहात एका वेळी एकच माणूस उभा राहतो, हा त्यांचा पहिला नियम. आमच्याकडे आलेले असताना माझी बायको चहा घेऊन आली की ते वाक्य अर्धवट सोडून खाली बसत. ती बिचारी "साखर पुरे ना?" विचारत उभीच, आणि साहेब तिच्या बसण्याची वाट बघत गप्प. शेवटी मीच तिला खुणेने स्टुलावर बसवायचो. मग ते उठून उरलेलं वाक्य पुरं करायचे.

दुसरं म्हणजे कुणी तक्रार सांगितली की त्यांच्या तोंडून आधी निघायचं, "कलम कुठलं?" एकदा मी सांगितलं की धाकटीला दोन दिवस ताप आहे, तेव्हाही हेच विचारून बसले. मग इतके ओशाळले की संध्याकाळी स्वतः मोसंबी घेऊन आले.

अंबरनाथला, बुवापाड्याच्या अलीकडे, आमची बारा बिऱ्हाडांची सोसायटी होती. मागे नाल्यापर्यंत मोकळी जागा. तिथे ज्याला जे वाटेल ते त्याने लावलेलं. तळमजल्यावरच्या पेडणेकरांचा दुधीचा वेल एका पावसाळ्यात जो सुटला, तो थेट चांदवानी भाभींच्या पालकावर जाऊन पसरला. भाभी जाधवसाहेबांच्या शेजारच्या, त्यांच्या यजमानांचं उल्हासनगर कॅम्प एकमध्ये कापडाचं दुकान. सिंधी साई भाजीला पालक घरचाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. एका रविवारी दोघांची जुंपली. पेडणेकर फॅक्टरीतले फोरमन, त्यांचा आवाज मशीनच्या वर जाणारा. ते तोंडाला येईल ते बोलत होते, भाभी सिंधीत उत्तर देत होत्या, आणि आम्ही बाकीचे गॅलरीत उभे राहून ऐकत होतो.

तेवढ्यात जाधवसाहेब खाली आले. म्हणाले, "मी उभा आहे."

उभे तर सगळेच होते. पण त्या वाक्याने दोघंही चकित होऊन थांबले.

"हा वाद तोंडी मिटायचा नाही," साहेब म्हणाले, "विधेयक आणू."

आम्हाला वाटलं, थट्टा करतायत. पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या दाराखालून कार्बनची एकेक प्रत आत सरकली. परसातील लागवडीचं नियमन करण्याबाबत विधेयक, कलमं अकरा. खाली सूचना होती की रविवारी चार वाजता तिसऱ्या मजल्यावर पहिलं वाचन आहे.

आम्ही गेलो ते गंमत म्हणून. खोलीत सतरंजी, समोर टेबल, टेबलावर तांब्याभांडं. माझा पेशा ड्राफ्ट्समनचा, अक्षर चांगलं, म्हणून मला उपाध्यक्ष केलं. विधेयक आणणाराच अध्यक्ष कसा, असा हरकतीचा मुद्दा मी काढून पाहिला. "सदस्यसंख्या अपुरी असल्यामुळे," असं म्हणून त्यांनी तो फेटाळला. पेडणेकरांनी लगेच विचारलं, "माझो वेल तोडतलात की नाय, तेवढा सांगा."

"तळमजला उजवीकडच्या सन्माननीय सदस्यांनी थांबावं. वेल हा तपशील झाला. पहिल्या वाचनात फक्त तत्त्व."

"तत्त्व म्हंजे?"

"परसात लागवडीला नियम असावा की नसावा, एवढंच."

"असावा," पेडणेकर म्हणाले, "पण माझ्या वेलाक नको."

पुढच्या रविवारपासून दुसरं वाचन सुरू झालं, आणि खरी मजा तिथून. सुधारणा लेखी हवी, आदल्या दिवशी हवी, कुठल्या कलमातल्या कुठल्या ओळीत काय बदलायचं ते त्यात हवं. कुणी गच्चीवरच्या टाकीबद्दल सुधारणा दिली, ती विधेयकाच्या कक्षेबाहेर म्हणून गेली. कलम चारमध्ये होतं की दुसऱ्याच्या वाफ्यात शिरलेला वेल छाटावा. पेडणेकरांची सुधारणा आली, 'छाटू नये'.

"ही बसत नाही," साहेब समजावून सांगू लागले. "हा नुसता नकार झाला. नकार द्यायचा तर मत घेताना नाही म्हणा. सुधारणा म्हणजे त्या जागी दुसरं काहीतरी सुचवायचं."

पेडणेकर आठवडाभर विचार करत राहिले. पुढच्या रविवारी त्यांची सुधारणा आली की वेल छाटू नये, मांडवावर चढवावा आणि मांडव मालकाने घालावा. भाभींनी स्वतः होय म्हटलं. भांडण खरं म्हणजे तिथेच मिटलं होतं. मांडवही झाला आणि दुधी दोन्ही घरी शिजू लागली.

पण कलमं अजून सात उरली होती. पेडणेकर रागात जे बोलत ते कामकाजातून काढून टाकलं जाई, म्हणजे साहेब वहीत त्यावर पट्टी ठेवून नीट काट मारत. भाभींना मराठीतल्या शिव्या कळत नसत, त्या मला हळूच विचारत, "क्या बोला, भाऊ? काटला ते?" दूरदर्शनचा रविवारचा पिक्चर लागायची वेळ झाली की सभा तहकूब. विधेयकाला नाव नव्हतंच, कारण शीर्षकाचं कलम सगळ्यात शेवटी घ्यायचं असतं. "आधी पोर होऊ द्या, मग बारसं करू," साहेब म्हणायचे.

एकदा सगळे गेल्यावर सतरंजी गुंडाळताना मी विचारलं, "साहेब, एवढं कशाला? दोन माणसांत बोलून झालं असतं."

ते म्हणाले, "आमचे आबा गावकीच्या बैठकीला पायरीखाली उभे असायचे. बाकीच्यांचं बोलून झालं की बैठक उठायची. आबांची पाळी कधी आलीच नाही. नियमात तसं चालत नाही. कागद वेळेत दिलात, कलमात बसला, की तुम्ही कुणीही असा, तुमचं नाव पुकारावंच लागतं."

"तुम्ही बोललात कधी तिथे?"

"मी कसा बोलणार? मी कचेरीचा माणूस. आम्ही फक्त चिठ्ठी पुढे करतो."

असे आठ महिने गेले. नवल हे की सुधारणा संपत नव्हत्या. दर रविवारी पाच-सहा नव्या. आपण ही सुधारणा कधी दिली, ते ज्याचं त्याला आठवत नसे, पण नाव पुकारलं की भिडेखातर माणूस "मांडतो" म्हणायचा. पेडणेकर तर एकदा अळूच्या वाफ्याच्या रुंदीवर वीस मिनिटं पोटतिडकीने बोलले. मग खाली बसून मला म्हणाले, "ह्या मी कधी लिवलंय?"

आता मी जे केलं ते सांगतो. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. कलम नऊ चाललं होतं. लोक कंटाळले होते, आणि त्या दिवशीचा पिक्चर सगळ्यांनाच बघायचा होता. साहेबांनीच मला शिकवलं होतं की चर्चा पुरेशी झाली असं वाटलं तर सदस्य चर्चा बंद करण्याचा प्रस्ताव मांडू शकतो. मी उठलो आणि अगदी त्यांच्याच शब्दांत, एकही चूक न करता, तो मांडला. मला वाटलं, साहेब खूश होतील.

असा प्रस्ताव अध्यक्षांना नाकारता येतो, हेही त्यांनीच मला शिकवलं होतं. सदस्यांचा बोलायचा हक्क मारला जातोय एवढं म्हटलं तरी पुरे होतं. पण खोलीत आता बोलायचं कुणालाच नव्हतं, आणि ते त्यांना दिसत होतं. त्यांनी प्रस्ताव मताला टाकला. सतरंजीवरून एकदम मोठा 'होय' आला.

"होयचं बहुमत आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून पुन्हा म्हणाले, "होयचं बहुमत आहे."

उरलेली कलमं, शीर्षक आणि तिसरं वाचन, सगळं दहा-बारा मिनिटांत आटपलं. टाळ्या पडल्या. लोक चपला शोधत खाली पळाले. साहेबांनी सगळी फाईल माझ्या हातात दिली. "दप्तर आता उपाध्यक्षांकडे," एवढंच बोलले आणि कप गोळा करायला लागले. मीही पिक्चरला पळालो. ते मला अजून खातं.

दोन दिवसांनी फाईल उघडली. पुढच्या कलमांवरच्या सतरा सुधारणा तशाच पडून होत्या. बाराही बिऱ्हाडांच्या नावाच्या आणि सगळ्या एकाच अक्षरात. त्यातली एक माझ्या नावाची होती. कढीपत्त्याचं झाड सामाईक मानावं, असं त्यात सुचवलेलं. कढीपत्त्याबद्दल मी जन्मात कधी कुणाला काही सुचवलेलं नाही.

जिन्यात भाभी भेटल्या. त्यांच्या नावाच्या मेथीच्या सुधारणेबद्दल त्यांना विचारलं.

"अरे भाऊ, मैंने कहाँ दिया? साब जिन्यात भेटले, बोलले, भाभी, मेथीचं काय? मी बोलली, हाँ साब, मेथी बी पायजे. बस, हो गया सुधारणा."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"क्या बोलनेका? आमची भिंत एकच आहे ना. इतवारको उनके मोरीमें बारा कप धुतात. बाकी दिन एक कप. आवाज येतो मेरे को."

त्या भाजीची पिशवी घेऊन वर गेल्या. मी तिथेच पायरीवर बसलो. आठ महिने मी त्या माणसाशेजारी टेबलाला बसत होतो, आणि मला एवढं कळलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या रविवारी चार वाजता मी वर गेलो. दार सताड उघडं होतं, सतरंजी घातलेली. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागे बसले होते, पुढ्यात एक पाकीट. बाकी कुणी नव्हतं.

"गणपूर्ती नाही," ते म्हणाले, "तेव्हा आता बोलू ते कामकाजात येणार नाही. बसा."

मी बसलो. या वेळी ते उठले नाहीत. बसल्या जागेवरून बोलायला लागले.

"दुसऱ्यांच्या नावावर मी सुधारणा दिल्या. तुमच्याही."

"कढीपत्त्याची. बघितली मी."

"एवढ्या वर्षांत असा एक कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी तो पुढे जाऊ दिला नसता. आणि मी स्वतः किती लिहिले ते मलाच माहीत नाही." ते तांब्यावरचं भांडं उगाच सरळ करत राहिले. "विमल गेल्यापासून या घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. पहिल्या दिवशी पेडणेकर इथे बसून ओरडले ना, मला इतकं बरं वाटलं हो. वाटलं, अजून एक रविवार चालावं. मग अजून एक."

मग त्यांनी उठून पाकीट माझ्यापुढे धरलं.

"अध्यक्षांचा राजीनामा उपाध्यक्षांकडे द्यायचा असतो. घ्या."

"तो मंजूर कोण करणार?" मी म्हटलं. "त्याला सभा बोलवावी लागेल ना?"

"मंजुरी लागत नाही. तुमच्या हातात पडला की झाला."

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. वयाच्या चाळिशीत असं करताना माणूस कसा दिसत असेल कोण जाणे. ते हात पुढे करून उभे, मी हात मागे बांधून बसलेला.

"आज नको," मी म्हटलं, "पुढच्या रविवारी बघू."

त्यांनी पाकीट खाली ठेवलं आणि चहा टाकायला आत गेले. दोन कप घेऊन आले. पिक्चर सुरू व्हायची वेळ झाली, खालून टीव्हीचे आवाज आले, आम्ही दोघं बोलत बसलो होतो.

पुढच्या रविवारी त्यांनी पाकीट पुन्हा पुढे केलं, मी पुन्हा घेतलं नाही. त्याच्या पुढच्याही. ते द्यायचं थांबले नाहीत, म्हणून मला जाणंही थांबवता येईना. बायको विचारायची, कुठे निघालात? मी सांगायचो, राजीनामा नाकारायला. हळूहळू भाभी यायला लागल्या, मग पेडणेकर दुधी घेऊन आले आणि साहेबांशी चांगलं कडाक्याचं भांडून गेले. पुढे आम्ही बदलापूरला घर घेतलं. तिथूनही मी रविवारी चारपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचत असे.

जाधवसाहेब गेले तेव्हा ते पाकीट टेबलावरच होतं, कोपरे मऊ पडलेलं. त्यांच्या मुलीने ते उचलून मला देऊ केलं. मी हात पाठीमागे घेतले. पाकीट माझ्या हातात कधी पडलंच नाही, तेव्हा नियमाप्रमाणे ते शेवटपर्यंत अध्यक्षच होते.