ट्रंकेतली मच्छरदाणी

“या पंचक्रोशीत माझ्यासारखा गुप्तहेर झाला नाही, होणार नाही. माझ्या नजरेतून डासही सुटत नाही!” इति आमचे भावोजी. पोटापाण्यासाठी ते घरच्या लाउडस्पीकरवरून गावाला सूचना देतात. उरलेल्या वेळात गुप्तहेर. मी शिंपी आणि त्यांचा सहायक. त्यांच्या बायकोचा, म्हणजे ताईचाच भाऊ, त्यामुळे राजीनाम्याची सोय नाही.

प्रकरण आणलं नर्सबाईंनी. “हिवताप वाढतोय. घरोघर मच्छरदाण्या वाटल्या, पण एकाही अंथरुणावर दिसत नाही. गेल्या कुठे? अशानं एखादं पोर दगावेल हो!”

“चोरी!” भावोजी गरजले. “मासे धरणारी टोळी!”

“नदी आटलीय,” मी म्हणालो.

“मग ओढण्या शिवणारी टोळी. तू शिंपी ना? काल संध्याकाळी कुठे होतास?”

“तुमच्याबरोबर.”

“हं. म्हणजे मीही संशयित.”

मग रोज तिन्हीसांजेला पाण्याच्या उघड्या टाकीमागे दबा धरणं सुरू झालं. मी अंगभर चादर गुंडाळून बसायचो. भावोजी उघड्या दंडांनी. डास चावले तरी मारायचे नाहीत, चोर सावध होतो म्हणे. शेवटी एक शेळी हाती लागली. तिची उलटतपासणी झाली. ती काही फुटली नाही.

काही दिवसांनी भावोजींना हुडहुडी भरली. “विषप्रयोग!” ते कण्हले. नर्सबाईंनी रक्त तपासलं. हिवताप. गोळ्या दिल्या. मी मनातून टरकलो होतो. माणूस कितीही वेडा असला तरी आपलाच.

ताईनं घोंगडी काढायला ट्रंक उघडली. तळाशी डांबरगोळ्यांसकट घडी घातलेली कोरी करकरीत मच्छरदाणी!

“ही इथे कशी?” नर्सबाई ओरडल्या.

“यांनीच नाही का लाउडस्पीकरवरून सांगितलं, ‘ही अनमोल भेट जिवापाड जपा’ म्हणून? सगळ्यांनीच ठेवल्यात, पाहुण्यांसाठी.”

“अहो, मी ‘रोज रात्री मच्छरदाणीत झोपा’ एवढंच सांगायला सांगितलं होतं!”

घोंगडीतून क्षीण आवाज आला, “फारच साधं होतं ते. मी जरा भारदस्त केलं.”

ताईनं तडक माइक सुरू केला. “बायांनो, मच्छरदाण्या बाहेर काढा. रोज रात्री पोराबाळांना घेऊन आत झोपा. नाही झोपलात तर काय होतं, ते ऐका.” आणि तिनं माइक नवऱ्याच्या तोंडाशी धरला.

भावोजींचे दात अख्ख्या गावानं ऐकले.

त्या संध्याकाळी घरोघर मच्छरदाण्या लागल्या. ताईच्याही घरी. आतून भावोजी म्हणाले, “बघ! मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, मीही संशयित!”