अर्धी मिशी

सलूनमध्ये त्याला सगळे पोपट म्हणत. कात्री थांबली तरी त्याची जीभ थांबत नसे. त्याची साडेतीन वर्षांची लेक भिंगरी मात्र अजून एक शब्दही बोलली नव्हती. कुणाच्या तोंडाकडे बघायचीही नाही.

वाचाउपचाराच्या बाईंनी आईबापांना स्पष्टच सांगितलं होतं, आठवड्यातला एक तास माझा, बाकीचा सगळा तुमचा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवली की 'आणखी', ही खूण त्यांनी शिकवली. पोपटला वेगळं बजावलं, "तुम्ही तिला संधीच देत नाही. विचारा, आणि गप्प राहून मनात दहा मोजा."

सहा आठवडे झाले, पोपटची गाडी तीनच्या पुढे जाईना. शेवटी त्याने गिऱ्हाइकांवर सराव सुरू केला.

शनिवारी निवृत्त हेडमास्तर दाढीला आले. त्यांच्या झुपकेदार मिशीला तीस वर्षांत वस्तरा लागला नव्हता. "आज मिशी काढायची का?" पोपटने नेहमीसारखं गमतीत विचारलं आणि मोजू लागला. एवढ्या शांततेत मास्तरांना डुलकी लागली. नवाच्या आकड्याला त्यांची मान खाली झुकली. पोपटला वाटलं, होकार आला.

अर्धी मिशी गेल्यावर मास्तर जागे झाले. आरशात बघितलं आणि गळ्यातल्या कापडासकट उठून तडक सलूनमागच्या पोपटच्या घरात तक्रार करायला गेले. पोपट सामान घेऊन मागोमाग.

बायकोने दार उघडलं आणि कसंबसं हसू दाबलं. मास्तर तोंड उघडणार, तोच भिंगरी समोर आली. ती थेट त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने बोट लावून आधी गुळगुळीत बाजू पाहिली, मग केसाळ.

मास्तरांचा राग कुठल्या कुठे गेला. ते स्टुलावर बसले आणि हळूच म्हणाले, "राहिलेली काढ. पण सावकाश. तिला बघू दे."

पोपटने एकदा वस्तरा फिरवला आणि थांबला. भिंगरीची बोटं चाचपडत एकमेकांना टेकली. आणखी! आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वस्तरा फिरला, बोटं टेकली; पुन्हा फिरला, पुन्हा टेकली. मिशी संपली. भिंगरीची बोटं म्हणाली, आणखी.

पोपटची नजर मास्तरांच्या भुवयांकडे गेली. मास्तरांनी झटकन दोन्ही हातांनी भुवया झाकल्या.

भिंगरी क्षणभर बघत राहिली. मग तिनेही हात उचलले आणि आपल्या भुवया झाकल्या.

मास्तरांनी हात काढले. तिने काढले. मास्तरांनी पुन्हा झाकल्या.

तक्रार करायला आलेले मास्तर तासभर तिथेच बसले.