घोटे पाहणारे नानाभाऊ

नानाभाऊ वानखडे माणसाच्या तोंडाकडं पाहत नाहीत, घोट्याकडं पाहतात. लग्नानंतर मी बायकोला कॉलेजचं मैदान दाखवायला नेलं, तर या गृहस्थांनी नमस्काराच्या आधी तिच्या पायांवर नजर टाकली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "उजवा घोटा कच्चा हाये सर. पन डाव्या कोपऱ्यात चालून जाईन." हा माणूस घरी आणायचा नाही, असं बायकोनं त्याच दिवशी बजावलं.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात नानाभाऊंनी हयातभर कबड्डीचं मैदान सांभाळलं. पाणी मारायचं, दगड वेचायचे, फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखायच्या, एवढंच काम. निवृत्त झाले तरी रोज चारला येऊन लिंबाखालच्या बाकावर बसतात आणि कोणी न सांगितलेलं काम करतात. कबड्डीची व्यावसायिक लीग निघाल्यापासून आमच्या प्रत्येक पोराला वाटतं, की लिलावात आपलं नाव लागणारच. आणि प्रत्येकाचा घोटा पाहून नानाभाऊ एकच निकाल देतात, "याचं नाही होत, राजेहो."

पोरगा उंच असला तर, "नाही होत. मांडीले धरला का गेला." बुटका असला तर, "नाही होत. हात पुरते कुठं?" विद्यापीठाच्या कर्णधाराबद्दल म्हणाले, "याचं तं होतच नाही. याले सोताचे फोटो काढाचीच लय हौस." अकोल्याच्या जठारपेठेतला एक पोरगा नवे कोरे बूट घालून आला होता. नानाभाऊंनी ते बूट निरखून पाहिले आणि म्हणाले, "बूट जाईन लीगमधी. पोट्टं नाही जात."

गंमत म्हणजे अशा माणसाला पोरं जाणकार समजत. का, तर त्याचं भाकीत कधी चुकलं नाही म्हणून! अहो, चुकेल कसं? देशभरातून पोरं येणार आणि लीग घेणार मूठभर. तिथं सगळ्यांनाच नाही म्हणायला घोट्याची विद्या कशाला लागते? अकोल्यात मे महिन्यात गारठा पडणार नाही, असं सांगून मीही हवामानतज्ज्ञ होऊ शकतो.

मी क्रीडा समितीचा प्रमुख. त्यामुळं त्यांना टोकणं माझ्याकडंच येई. "नानाभाऊ, पोरायचं मन काहून मोडता?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मी कुठं मोडतो सर? घोटा सांगते."

त्यांचं गाव परतवाडा. एसटीनं दीड तासही लागत नाही. पण पुतण्या लग्नाची पत्रिका घेऊन आला तरी हे जात नसत. "पाय दुखते," म्हणत. बसून जायच्या एसटीत पायाचा काय संबंध, कोण जाणे. मी त्यांना मनातल्या मनात चिक्कू आणि कुजकट ठरवून मोकळा झालो होतो.

गेल्या वर्षी आमच्या सागर तायडेचं नाव लिलावाच्या यादीत आलं. सागर शेंदूरजनाघाटचा, संत्रा बागायतदाराचा पोरगा, चढाईला गेला की रिकाम्या हातानं परतत नसे. यादीत नाव येणं म्हणजे फक्त पुकारा होणार, निवड झाली असं नव्हे. पण आमच्याकडं अभिनंदनाला निकाल लागत नाही, फ्लेक्सवाला लागतो. एक फ्लेक्स कॉलेजच्या फाटकावर चढला, दुसरा शेंदूरजनाघाटच्या स्टँडवर. त्यावर माझाही फोटो होता आणि तो सागरच्या फोटोपेक्षा मोठा होता.

गावी निघण्याआधी सागर सगळ्यांच्या पाया पडला. नानाभाऊंनी त्याचा घोटा चाचपला आणि हार घालून उभ्या असलेल्या त्या पोराला म्हणाले, "तुयं नाही होत, गड्या."

सागरचे डोळे भरले. माझं डोकं फिरलं. "नानाभाऊ, उद्यापासून मैदानावर पाय ठेवू नका," मी सगळ्यांसमोर सुनावलं. ते चपला घालून निघून गेले.

लिलावाच्या दिवशी दुपारी आम्ही सभागृहात मोठा पडदा लावला. बाहेर ढोलवाले आणून बसवले. सागर गावी, घरच्या टीव्हीसमोर, अंगणात सारी आळी. नाव पुकारलं गेलं. एकाही संघानं पाटी वर केली नाही. निवेदक पुढच्या नावाकडं गेला. प्राचार्य फोन आल्याचं दाखवून बाहेर पडले. मी तेवढंही न दाखवता उठलो.

तीन दिवस सागरचा फोन बंद. चौथ्या दिवशी सकाळी दारात नानाभाऊ. "सर, गाडी काढा. शेंदूरजनाले जाऊ." त्या दिवशी ते घोट्याकडं नाही, थेट माझ्या डोळ्यांत पाहत होते.

स्टँडवर आमचा फ्लेक्स तसाच होता. नानाभाऊंनी गाडी थांबवली. दोघांनी मिळून दोऱ्या सोडल्या आणि त्याची घडी घातली. पहिल्या घडीत माझाच चेहरा गेला.

सागरची आई दारातच भेटली. "तीन दिस झाले, खोलीतून निंगला नाही. कोनाले भेटत नाही, धड जेवत नाही." मी दाराशी जाऊन हाक मारली, "सागर, मी सर आलो रे." आत काही हललं नाही. पुन्हा हाक मारली, तरी नाही. मग नानाभाऊ पुढं झाले.

"नाना हाये बे."

कडी निघाली. सागर समोर आला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. नानाभाऊ त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "घोटा सुजला हाये तुया. मिठाच्या पान्यात ठेव. आंदी भाकर खाऊ." दोघं एका ताटात जेवले. मी समोर बसून पाहत होतो आणि मला माझी लाज वाटत होती.

परतताना मी विचारलं, "तुमच्यासाठीच दार कसं उघडलं त्यानं?"

"ज्यायनं ढोल आनले त्यायले थो तोंड कसं दाखवन, सर? एक मानूस असा पायजे, ज्यानं पयलेच नाही म्हनून ठेवलं. त्याच्यापाशी हारून जाता येते."

"मंग ते घोट्याचं?"

"घोट्यातलं मले काय समजते? मी फक्की मारनारा मानूस."

मग ते आपणहून सांगू लागले. "मी पन खेळत होतो. राज्याच्या चाचनीले गेलो होतो. निवड होनारच म्हनून परतवाड्याच्या स्टँडवर हार घेऊन सारे उभे होते. माय पन होती. अन् मायं नाव लागलं नाही. एक थांबा आंदीच उतरलो अन् उलट्या गाडीनं अमरावतीले आलो."

"मंग घरी केवा गेले?"

मोर्शीला परतवाड्याकडं वळणारा रस्ता आला. पाटी दिसली तशी मी गाडी हळू केली, अगदी थांबवलीच. नानाभाऊ मान खाली घालून स्वतःच्या घोट्यांकडं पाहत होते.

"सरळ घ्या सर," ते म्हणाले. "पाय दुखते."